चष्म्याच्या दुकानावरचं स्पॅनिश

लोणावळ्यात मी स्पॅनिश शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग "खरंच?" म्हणतो आणि शेवटी हळूच विचारतो, "चालतं का हो?" वडापावची गाडी चालते का, हे विचारावं त्याच सुरात! चालतं, न चालायला काय झालं? फक्त शिकणारे कमी आणि किस्से जास्त, असं झालंय. शिकवलेलं सगळे चार दिवसांत विसरतात, पण वर्गात कोण काय बोललं ते माझ्या डोक्यात शेवाळासारखं धरून बसतं. खरवडलं तरी जात नाही. आता इतकं साठलंय की थोडं तुमच्याकडे काढून ठेवते.

बाजारपेठेत एका चष्म्याच्या दुकानावर माझी खोली आहे. जिना इतका अरुंद की चढणारा आणि उतरणारा यांना आधी बोलणी करावी लागतात. शनिवार-रविवारी शहरात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून वर्ग मधल्या वारी, संध्याकाळी. माझे विद्यार्थी चार. त्यातले दोन माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत आणि चौघंही माझ्यापेक्षा शहाणे आहेत, असं त्यांचं मत.

* * *

पहिले रोहिदासभाऊ. कुरवंड्याचे. डोंगराच्या अंगाला त्यांचे तीन बंगले आहेत, ते सुट्टीला आलेल्या लोकांना देतात. एकदा त्यांच्याकडे स्पेनचं एक जोडपं उतरलं आणि जाताना काहीतरी लांबलचक लिहून गेलं. ते कौतुक आहे की शिव्या, हे कळेना, म्हणून भाऊ भाषा शिकायला आले. वाचायला पुरेसं आल्यावर कळलं की त्यात अर्धं डोंगराचं कौतुक होतं आणि अर्ध्या शिव्या होत्या. डोंगर भाऊंचा नव्हता.

तर स्पॅनिशमध्ये एक भानगड आहे. 'मी तुला किल्ली देतो' असं एकदा म्हटलं की पुढच्या वेळी किल्लीचं नाव घ्यायचं नाही. 'मी तुला ती देतो' म्हणायचं. तुला म्हणजे 'ते', ती म्हणजे 'ला', देतो म्हणजे 'दोय'. झालं 'ते ला दोय'. कुणाला आणि काय, ही दोन्ही सर्वनामं क्रियापदाच्या मानगुटीवर बसलीच पाहिजेत, गाळून चालत नाही.

आपल्याला इथेच घाम फुटतो, कारण मराठीत आपण सगळंच गाळतो. "दिली का?" "दिली." संपलं! कोणी, कुणाला, काय, सगळं हवेत.

मी भाऊंना विचारलं, "अहो, इतकं साधं आहे, का जमत नाही?"

भाऊ म्हणाले, "बाई, कुनी कुनाला काय दिलं, हे आमच्याकडं उघड बोलतच न्हाईत. म्हनून तर जमिनीचे वेव्हार व्हतात!"

* * *

या भानगडीतली पोटभानगड अशी की 'त्याला' म्हणजे 'ले' आणि 'ती' म्हणजे 'ला', पण हे दोघं शेजारी आले की 'ले' आपलं रूप बदलतं आणि 'से' होतं. 'ले ला दोय' नाही, 'से ला दोय'. का? तर का नाही. आहे तसं आहे. हे मी पुण्यात शिकले तेव्हा मला समजायला एक अख्खी सहामाही लागली होती.

इथे फळ्यावर लिहून मी वळले, तर रोहिदासभाऊ मान डोलावत होते.

"कळलं?" मी अविश्वासाने विचारलं.

"त्यात काय न कळन्यासारखं? दोगं एका बांधावर बसत न्हाईत. भावकी हाय!"

चौघांपैकी कुणीही तो नियम पुन्हा चुकला नाही. परदेशी छापलेली माझी महागाची पुस्तकं त्या दिवसापासून खिडकी उघडी ठेवायला उपयोगी पडतात.

* * *

दुसरे पाटणकर काका. निवृत्त अधिकारी. पुण्यातलं घर मुलाला देऊन इथे हवेसाठी आले आणि हवा सोडून सगळ्यात दोष काढतात. काकांचं म्हणणं, स्पॅनिशमध्ये जे काही आहे ते सगळं संस्कृतात होतं. मग ते संस्कृतच का बोलत नाहीत, असं विचारायची हिंमत मी अजून केलेली नाही.

'मी त्याला पाहतो' यातल्या 'त्याला'साठी एरवी 'लो' लागतं, पण काकांनी कुठेतरी वाचलं की माद्रिदकडे पुरुषाला 'लो'ऐवजी 'ले' म्हटलं तरी चालतं. हे खरं आहे. पण ते वाचल्यापासून काकांची एकही चूक चूक राहिली नाही! 'लो'च्या जागी 'ले' घातलं की "हे माद्रिदचं." 'ले'च्या जागी 'ला' घातलं की "असंही काही प्रांतांत म्हणतात." सर्वनामच खाल्लं की "दक्षिण अमेरिकेत गाळतात, तुम्ही वाचलं नसेल."

एके दिवशी त्यांनी 'मी त्यांना पाहतो' याचं 'मी मला त्यांना तुम्ही' असं काहीतरी केलं. मी खडू खाली ठेवला. "काका, हे कुठल्या प्रांतातलं?"

काकांनी वहीची दोन पानं उलटली. मग म्हणाले, "हे जरा... आतल्या भागातलं."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग माज्या चुका कार्ल्याच्या धरा, बाई. त्यो पन आतलाच भाग हाय!"

हा आवाज सुमनमावशींचा. त्यांच्याकडे येतेच. पण आधी रोहिदासभाऊंचा बोर्ड.

* * *

भाऊंनी मला न विचारता बंगल्याच्या फाटकावर स्पॅनिशमध्ये बोर्ड लावला. चांगला निळा, वर दोन नारळाची झाडं. कुरवंड्यात नारळ कुठला? पण पाहुण्यांना आवडतो.

भाऊंना लिहायचं होतं, 'जेवण हवं असल्यास आदल्या दिवशी सांगा, आम्ही तुम्हाला ते शिजवून देऊ.' यात 'तुम्हाला' आणि 'ते' ही दोन सर्वनामं लागतात. भाऊंना रंगाऱ्याने सांगितलं, जागा कमी आहे. भाऊंनी दोनाचं एक केलं. बोर्डावर अर्थ आला, 'आदल्या दिवशी सांगा, आम्ही तुम्हाला शिजवू!'

मी तो बोर्ड पाहिला आणि तिथल्या तिथे फोन लावला. "भाऊ, तो आजच्या आज उतरवा! लोक पळून जातील."

"कोन पळतंय? परवा आलेलं जोडपं त्याच्यासमोर उभं ऱ्हाऊन पंधरा फोटो काढून गेलं. हसत हसत गेलं. पाच स्टार देऊन गेलं!"

"अहो, पण तुम्ही त्यांना खायची धमकी देताय!"

"बाई," भाऊ शांतपणे म्हणाले, "आजवर एकानंबी तक्रार केली न्हाई."

बोर्ड अजून तिथेच आहे.

आणखी एक सांगून भाऊंना सोडते. स्पॅनिशमध्ये 'तू' वेगळं आणि 'तुम्ही' वेगळं, आपल्यासारखंच. वर्गात मी भाऊंना मालक केलं आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक. फोनवर बुकिंग करेपर्यंत भाऊ 'तुम्हाला, आपल्याला' करत होते. बुकिंग पक्कं झाल्याबरोबर 'तुला'! मी थांबवलं, म्हटलं, एकाच माणसाशी बोलताना असं मध्येच बदलता येत नाही.

"का न्हाई?" भाऊ खरोखर बुचकळ्यात पडले. "आता कुटं जातंय त्ये?"

* * *

तिसरा किरण. आंदर मावळातला पोरगा, आता चांगला इंजिनिअर आहे, इथल्याच एका कारखान्यात. त्यांच्याकडे स्पेनहून मशीन येतात. किरण चौघांत सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी बोलणारा. या दोन गोष्टींचा संबंध असावा.

मशीन बसवायला तिकडचा एक इंजिनिअर आला होता. तिसऱ्या दिवशी मशीनचा एक महागडा पार्ट तुटला. सुपरवायझर किरणला म्हणाला, "सांग त्याला, तुटला."

आपल्याकडे वस्तू आपली आपणच तुटते. कप फुटतो, फाइल हरवते, पार्ट तुटतो, माणूस आसपास नसतोच! किरणला वाटलं, आता हे स्पॅनिशमध्ये कसं सांगू? तर सांगता येतं. अगदी आपल्यासारखं. 'तो तुटला' म्हणता येतं, तोडणाऱ्याचं नाव न घेता. किरण मला म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही आपल्या माणसांची भाषा आहे."

पण तो पाहुणाही त्याच भाषेत जन्मलेला. तो म्हणाला, "बरं, तुटला. कुणाला तुटला?" म्हणजे कोणाच्या हातात असताना. त्यासाठी त्यांच्याकडे तेवढंसं सर्वनाम आहे, वाक्यात गुपचूप घुसतं आणि बरोबर माणूस पकडतं. पळवाटही आहे आणि वाटेवर पोलीसही आहे.

मशीनभोवतीची सगळी माणसं छताकडे बघायला लागली. सुपरवायझरने घसा साफ केला. "सांग, नाइट शिफ्टला तुटला."

पाहुणा म्हणाला, "ठीक आहे. नाइट शिफ्टच्या सुपरवायझरला बोलवा."

किरणने भाषांतर केलं. सुपरवायझरने दोन्ही हात जोडले.

"तो मीच हाय. पन सध्या डेला हाय!"

* * *

आता सुमनमावशी.

मावशी कार्ल्याच्या. घरचं भाताचं रान आणि हायवेच्या कडेला मक्याच्या कणसांची, भजी-चहाची टपरी. ती त्यांचे मालक सांभाळतात. म्हणजे मालक खुर्चीत बसतात आणि टपरी मावशी सांभाळतात. एके दिवशी खाली चष्म्याचा नंबर काढायला आल्या, जिन्यावरची पाटी नव्या चष्म्यातून वाचली आणि धापा टाकत वर आल्या.

"हितं स्पेनची भाषा मिळती का?"

म्हटलं, "मिळते. बसा."

"बसत न्हाई. मला एकच वाक्य पायजे. बाकीची भाषा तुमाला ऱ्हाऊ द्या."

गोष्ट अशी होती. मावशींचा मुलगा संदीप इथल्या हॉटेलात स्वयंपाक शिकला, तिकडे गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. मुलगा झाला, आता चार वर्षांचा आहे. नवरा-बायको दोघं कामावर, म्हणून पोर दिवसभर सुनेच्या आईकडे. तिचं नाव कारमेन. संदीप म्हणतो, आई, तो कारमेनच्याच हातावर वाढलाय, त्याला उचलून आणणं मला जमणार नाही, तूच तिच्याशी बोल. सून म्हणते, माझ्या आईने हो म्हटलं तर माझी ना नाही. म्हणजे सगळं गाडं येऊन विहिणीपाशी अडलेलं. आणि विहिणीला स्पॅनिशशिवाय अक्षर येत नाही.

"अजून मांडीवर घेतला न्हाई मी त्याला," मावशी म्हणाल्या. "फोनात दिसतो, हात हलिवतो आन् पळतो. मला तिला एवढंच सांगायचंय, की त्याला माझ्याकडं पाठवा. महिनाभर. मंग घेऊन जावा."

मी सांगितलं, "याला स्पॅनिशमध्ये एकच शब्द आहे. मांदामेलो. मांदा म्हणजे पाठव, मे म्हणजे मला, लो म्हणजे त्याला."

"मांदामेलो," मावशी म्हणाल्या. पदर खोचला आणि उठल्या. "झालं की. चालले मी."

"अहो, पण त्यावर ती काय म्हणेल, ते कळायला नको?"

मावशी दारात थांबल्या. परत आल्या. बसल्या त्या आजतागायत बसल्याच आहेत.

* * *

त्यांना शिकवणं म्हणजे माझ्या रक्तदाबाची परीक्षा. सर्वनाम शिकवताना आधी नाव घ्यावं लागतं. 'मी संदीपला किल्ली देते', मग 'मी त्याला ती देते'. मी मावशींना म्हटलं, "घरातलंच उदाहरण घ्या. तुम्ही किल्ली कुणाला देता?"

"त्यांना."

"नाही, आधी नाव. मग 'त्यांना'."

"अवो, त्यांनाच!"

"त्यांना म्हणजे कुणाला?"

मावशी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी भर वर्गात काही वावगं बोलले. रोहिदासभाऊ खाली बघायला लागले. पाटणकर काका पुढे सरसावले, "अहो, एकविसावं शतक आहे, घ्या नवऱ्याचं नाव! काय होतंय?"

"तुमी घेता का हो काकूंचं?" मावशींनी विचारलं. काका घरात काकूंना "ऐकलंस का" म्हणतात, हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे. काका मागे सरकले.

मी हट्टाला पेटले. नाव घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही! मावशी पाच मिनिटं पुटपुटत राहिल्या, मग उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"चष्म्याच्या दुकानावर भरती स्पॅनिशची शाळा,
दगडूरावांचं नाव घेते, आता बाई छळ टाळा!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी निमूट फळा पुसला.

त्याच तासाला कळलं की 'लो' हे पुरुषालाही लागतं आणि वस्तूलाही. 'मी त्याला बघते' आणि 'मी ते बघते', दोन्हीकडे 'लो'च. मावशींनी खात्री करून घेतली. "म्हंजी मानूस आन् सामान, दोनीला येकच?"

"हो, एकच."

"बेस हाय. आमच्या घरात तसंच हाय. ठिवलं तितंच असतंय!"

* * *

मग एकदा खुद्द दगडूराव वर्गात आले. बायको भजी तळताना काहीतरी पुटपुटते, गाईला पाणी पाजताना पुटपुटते, एसटीत शेजारचीला घाबरवते, तेव्हा ही नक्की काय विद्या शिकतेय, ते बघायला. मागे बसले, सगळा तास जांभया दिल्या आणि शेवटी म्हणाले, "बाई, मला पन येक शब्द द्या. चहा आन, असं बायकूला कसं म्हनायचं?"

मी म्हटलं, "त्राएमेलो. म्हणजे, तो मला आणून दे."

झालं! दगडूराव दिवसभर खुर्चीत बसून "त्राएमेलो!" करायला लागले. टपरीवरची गिऱ्हाइकं कौतुक करायची. मावशी पुढच्या तासाला माझ्याकडे रागाने आल्या. "त्यांना दिलंत ना, आता मला त्याचं उत्तर द्या."

मी दिलं. 'आस्तेलो तू.' म्हणजे, तूच कर तुझा.

दुसऱ्या दिवसापासून टपरीवर संवाद सुरू झाला. "त्राएमेलो!" "आस्तेलो तू!" मावशी हे इतक्या गोड हसून म्हणायच्या की दगडूरावांना वाटलं, याचा अर्थ 'आणते हं'. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची ही आता परदेशी भाषेत हो म्हनती."

"आणि चहा?" मी त्यांना एकदा विचारलं.

"त्यो काय अजून आला न्हाई," दगडूराव म्हणाले. "पन बोलती लय मानानं!"

* * *

हसण्यावारी नेत होतो, पण आतून आम्ही सगळेच त्या एका शब्दामागे लागलो होतो. तिकडची शाळांची सुट्टी आली की कारमेनशी बोलायचं, असं ठरलं. ती सुट्टी ऐन आपल्या भातलावणीत येते. रोहिदासभाऊ म्हणाले, "पोरगं चिखलात घाला, मंग बगा परत जातंय का!" किरणने कॉलचं सगळं जमवून दिलं. वर्गाच्या वेळेला तिकडे दुपार असते, तेव्हा वर्गातूनच बोलायचं, म्हणजे अडलं तर मी शेजारी आहे.

अडचण वेगळीच निघाली. संदीपने सांगितलं, नुसतं मांदामेलो हुकूम सोडल्यासारखं वाटतं, पुढे 'प्लीज' लावायला सांगा. मावशी उसळल्या.

"मी मुलाची आई! विहिणीला प्लीज म्हनू?"

"मावशी, तिकडे असं मुलाकडचे-मुलीकडचे काही नसतं."

"नसंल तिकडं. मी हिकडं बसलीय ना?"

दोन तास यावर गेले. पाटणकर काकांनी संस्कृतातला दाखला दिला. मी चिडले, ओरडले, अगदी रडकुंडीला आले. शेवटी रोहिदासभाऊंनी सरळ विचारलं, "मावशी, मान पायजे का नातू?"

मावशी बराच वेळ बांगड्यांशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "नातू."

आणि 'प्लीज' शिकल्या. त्या बाईबद्दल मला त्या दिवशी जे वाटलं, ते एरवी मला कुणाबद्दल सहसा वाटत नाही.

कॉलच्या दिवशी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. फोन डस्टरला टेकवून उभा केला. आम्ही चौघं त्यांच्या पाठीमागे, शाळेच्या फोटोला उभे राहतात तसे. त्या आठवड्यात मी नकार शिकवत होते. 'पाठव' म्हणताना सर्वनामं क्रियापदाच्या शेपटीला लागतात, पण 'पाठवू नको' म्हटलं की तीच उडी मारून पुढे येतात. मावशींना ते एकदाही धड आलं नव्हतं. म्हटलं, आज त्याची गरजच नाही.

कारमेन दिसली. गोरी, जाडजूड, पांढऱ्या केसांची बाई, हातात पंखा. मांडीवर नातू. तो आज पळाला नाही, कारण हातात बिस्किट होतं. मावशी एकदम पुढे वाकल्या, अगदी नाक फोनला लागेपर्यंत.

तब्येतीचं झालं. तिकडे ऊन किती आणि इकडे पाऊस किती, हे झालं. मावशी एकेक वाक्य सावकाश, नीट बोलत होत्या. मी मागून मनातल्या मनात ढकलत होते, आता म्हणा, आता म्हणा. मावशींनी श्वास घेतला. ओठ 'मा'साठी मिटलेले मला बाजूने दिसले.

तेवढ्यात कारमेनच बोलली. पंखा खाली ठेवला, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुमान, संदीपला जुलैत रजा मिळतेय. मी विचार केला. त्याची दुसरी आजी त्याला भेटायला हवी." मग अगदी सावकाश, मावशींना कळावं म्हणून, "ते लो मांदो?"

पाठवू का त्याला तुझ्याकडे?

आम्हाला सगळ्यांना कळलं. पाटणकर काकांनाही कळलं! किरणने माझं मनगट घट्ट धरलं. रोहिदासभाऊंनी डोळे मिटून हात जोडले.

मावशींचा चेहरा असा उजळला की काय सांगू! त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, तोंडाला हात लावला, लाजून हसल्या, आणि मान हलवत, अगदी घरंदाजपणे, एकाही अक्षराची चूक न करता म्हणाल्या,

"नो, नो! नो मे लो मांदेस. पारा के?"

नको, नको! नका पाठवू त्याला. कशाला उगीच?

कारमेनचा हात नातवाच्या डोक्यावर तसाच थांबला. तिने पंखा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "बाले, सुमान. बाले." म्हणजे, बरं. तिने नातवाचा हात धरून हलवला, त्याने बिस्किटासकट हलवला, आणि फोन बंद झाला.

"वा!" पाटणकर काकांनी टाळी वाजवली. "दोन्ही सर्वनामं क्रियापदाच्या आधी! पहिल्यांदा बरोबर आलं!" रोहिदासभाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरी टाळी वाजलीच नाही.

मावशींनी फोन डस्टरवरून उचलला, पदराने पुसला, पण पिशवीत काही ठेवला नाही. मांडीवर घेऊन बसल्या. मग आमच्या चौघांच्या चेहऱ्यांकडे बघून म्हणाल्या,

"आसं काय बगताय? आता दुसऱ्यांदा इचारत्याल की त्या. तवा म्हनते, मांदामेलो."